एकशे नऊ परत, तीस मागे : उत्तर युगांडातल्या एका शाळेचं प्रकरण

हे प्रकरण 1996 सालचं, उत्तर युगांडातल्या एका मुलींच्या बोर्डिंग शाळेचं. शांततेसाठी धर्माच्या लोकांनी आवाहन केलं की आपण बातमी वाचतो, बरं वाटतं आणि पुढे जातो, त्या आवाहनाचं जमिनीवर नक्की काय होतं ते कुणी सांगत नाही. या प्रकरणात ते दिसतं, कारण इथं आवाहन करणारी माणसं बंडखोरांसमोर जाऊन उभी राहिली, काही वेळा त्यांना यश आलं, काही वेळा अजिबात नाही, आणि प्रत्येक वेळी त्यांना असा निर्णय घ्यावा लागला ज्यात कुणीतरी मागे राहणार होतं. मुलींची आणि पालकांची नावं मी मुद्दाम देत नाहीये. जे पदावर होते किंवा सगळ्या जगासमोर आले त्यांची तेवढी दिली आहेत.

पार्श्वभूमी

युगांडा म्हटलं की आपल्याकडे इदी अमीन आठवतो, आणि 1972 मध्ये नव्वद दिवसांची मुदत देऊन हाकललेले आशियाई लोक, त्यात गुजराती जास्त पण गोव्याचीही बरीच कुटुंबं होती. त्यानंतर तिथं काय झालं हे आपल्यापर्यंत फारसं पोचलंच नाही.

जानेवारी 1986 मध्ये योवेरी मुसेवेनी यांनी बंड करून सत्ता घेतली. आधीच्या सैन्यात उत्तरेकडच्या अचोली समाजाचे बरेच लोक होते, ते हरले आणि घरी परतले, पण सूड घेतला जाईल या भीतीने काहींनी परत शस्त्रं उचलली. त्यातूनच आधी अ‍ॅलिस औमा नावाच्या बाईची चळवळ उभी राहिली, तिच्या अंगात पवित्र आत्मा येतो असं लोक मानायचे, ती 1987 मध्ये मोडून पडली आणि मग जोसेफ कोनी पुढे आला. त्याच्या संघटनेचं पुढे ठरलेलं नाव लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी, म्हणजे एलआरए. दहा आज्ञांप्रमाणे राज्य चालवायचं असं तो म्हणायचा. पळवून आणलेल्या मुलांच्या अंगावर शिआ नावाच्या झाडाच्या बियांचं तेल लावून क्रूस काढायचे, की आता तू आमचा झालास, पळालास तर देवाला कळेल. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे बिशप आणि सिस्टर ज्याला देवाच्या नावाने विनवत होते तो माणूस स्वतःच देवाच्या नावाने हे सगळं करत होता.

लोकांचा पाठिंबा नव्हता म्हणून भरती मिळत नव्हती, मग मुलं पळवणं सुरू झालं. लहान मुलाला धाक बसतो, घरचा रस्ता सापडत नाही, आणि त्याच्या हातून एखाद्या शेजाऱ्याला किंवा पळून जाणाऱ्या दुसऱ्या मुलाला मारायला लावलं की ते मूल स्वतःच समजतं की आता आपल्याला गावात कुणी घेणार नाही. हा विचार करून उभा केलेला प्रकार होता. युनिसेफचा अंदाज 20 हजारांहून जास्त मुलांचा आहे.

1994 च्या सुरुवातीला बेटी बिगोंबे या मंत्रीबाईंनी कोनीशी बोलणी बरीच पुढे नेली होती, पण मुसेवेनींनी सात दिवसांचा अल्टिमेटम दिला आणि सगळं फिसकटलं. त्याच सुमारास सुदान सरकार एलआरएला शस्त्रं आणि जागा द्यायला लागलं, कारण युगांडा दक्षिण सुदानमधल्या बंडखोरांना मदत करायचा. म्हणजे दोन देशांचं भांडण आणि मरतायत तिसरीच माणसं, त्यातही शाळेत जाणारी पोरं.

घटना

आबोके हे लिरा शहराच्या बाजूचं छोटं ठिकाण. तिथं कॅथलिक कोंबोनी सिस्टर्सची, म्हणजे मिशनच्या नन्सची, सेंट मेरीज ही शाळा होती, हुशार मुलींची, लांबलांबून मुली यायच्या. हा भाग अचोलींचा नाही, शेजारच्या लांगो समाजाचा, पण युद्ध तिकडेही सरकलं होतं.

9 ऑक्टोबर म्हणजे युगांडाचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी बंडखोर जवळपास आलेत अशी कुणकुण लागली. शाळेने सैनिक मागितले, ते येणार होते, आले नाहीत. अंधार पडल्यावर इतक्या मुलींना घेऊन रस्त्यावर निघणं हे थांबण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटलं, म्हणून थांबले. डॉर्मिटरीला लोखंडी दारं होती, सगळा भरवसा त्या दारांवर. मध्यरात्र उलटल्यावर बंडखोर आले आणि दार उघडेना म्हटल्यावर त्यांनी खिडक्याच भिंतीतून उखडून काढल्या. पहाटेपर्यंत 139 मुली दोरीने बांधून नेल्या होत्या.

पहिला निर्णय : मागे जायचं की नाही

उपमुख्याध्यापिका सिस्टर राकेले फासेरा, इटालियन. उजाडल्यावर त्यांच्यासमोर सरळ रस्ता हा होता की लष्कराला कळवायचं आणि वाट बघायची. लष्कर आदल्या संध्याकाळी आलं नव्हतं. दुसरा धोका असा की लष्कराने पाठलाग केलाच तर गोळ्या लागणार त्या मधे बांधलेल्या मुलींना, हे त्या भागात आधी घडलेलं होतं.

त्या एका तरुण शिक्षकाला बरोबर घेऊन पायी निघाल्या. शिक्षक म्हणजे स्थानिक मुलगा, पकडला गेला असता तर त्याचं काय झालं असतं ते सांगायला नको, तरी तो आला. शाळा लुटताना बंडखोरांनी गोळ्या-चॉकलेटं आणि पेप्सीच्या बाटल्या उचलल्या होत्या, त्यांचे कागद आणि रिकाम्या बाटल्या वाटेवर टाकत गेले होते. सिस्टर आणि तो शिक्षक तो कचरा बघत बघत माग काढत गेले. मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आत लागते, कारण ज्यांनी हे सगळं केलं त्यांच्यातलेही बरेच जण स्वतः पळवून आणलेली पोरंच होती, आणि गोळ्या मिळाल्यावर पोरं काय करणार, खात खात कागद टाकत जाणार.

त्यांनी टोळी गाठली. हात वर करून पुढे गेल्या, कमांडरशी बोलल्या, मुली परत द्या म्हणाल्या. कमांडर आधी देतो म्हणाला. मग वर लष्कराचं हेलिकॉप्टर आलं, गोळीबार झाला, सगळे झाडाझुडपात पडले, उठले, परत चालले. म्हणजे जी भीती होती तेच होत होतं, सुटकेची बोलणी चालू असताना सुटका करायला आलेलं हेलिकॉप्टर सगळ्यांच्या डोक्यावर.

दुसरा निर्णय : 109

पुढे एका जागी थांबल्यावर कमांडरने काठीने जमिनीवर आकडे लिहिले. 139 आहेत. 109 तुला देतो. 30 मी ठेवतो.

सिस्टर गुडघ्यावर बसल्या. मला ठेवा, त्यांना सोडा म्हणाल्या. ऐकलं नाही. सगळ्या द्या म्हणून अडून बसायचं आणि तो बिथरला तर 139 पण जातील, की 109 घेऊन निघायचं आणि 30 जणींना तोंडावर सांगायचं की तुम्हाला मी नेऊ शकत नाही. त्या तीस मुली रडत होत्या, आज रात्री आमचं काय होणार ते तुम्हाला माहितीये असं म्हणत होत्या. त्यांची नावं लिहून घेतली. त्यातली एक मुलगी हळूच सरकून 109 च्या घोळक्यात आली, सिस्टरच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तिला परत जायला सांगितलं, कारण मोजणी चुकली असती तर सगळ्याच अडकल्या असत्या. ती परत गेली.

यावर मी खूप जणांशी बोललोय, काही म्हणतात असं सांगणं अमानुष होतं, काही म्हणतात दुसरा मार्ग नव्हता. माझं मत सांगतो. बंदूक ज्याच्या हातात आहे त्यानेच आकडा ठरवला, त्यामुळे त्या आकड्याचं ओझं सिस्टरच्या खांद्यावर टाकणं चूक आहे. पण बोलणी करणाऱ्या माणसाला हे ओझं आयुष्यभर राहतं हेही खरं, आणि मदतकार्याचं ट्रेनिंग देताना हा भाग आपण शिकवतच नाही. बोलणी कशी करायची ते शिकवतो, अर्धंच मिळालं तर त्या माणसाला नंतर कोण सांभाळणार यावर कुणी काही बोलत नाही.

109 मुली दुसऱ्या दिवशी चालत शाळेत परत आल्या. गेटवर पालक जमले होते, आणि त्यातल्या तीस कुटुंबांचे लोक घोळक्यात आपली मुलगी शोधत होते.

पालकांपुढचे पर्याय

लिरामध्ये पालक एकत्र यायला लागले, आधी प्रार्थनेसाठी, उपासासाठी, नंतर त्यातूनच कन्सर्न्ड पेरेंट्स असोसिएशन उभी राहिली. त्यांच्यापुढे जे मार्ग होते ते असे मोजून मांडून कुणी ठेवले नव्हते, रोज रडारड आणि रोज वाद व्हायचे, पण साधारण असे होते.

लष्करावर प्रेशर आणायचं की घुसा आणि सोडवा. यात मुली मरायची शक्यता जास्त, आणि तोवर त्या सीमेपलीकडे सुदानमधल्या तळांवर नेलेल्या होत्या. गुपचूप, ओळखीपाळखीतून, आपल्या एका मुलीपुरतं बघायचं, यात कुणालाच दोष देता येत नाही, आईबाप आहेत ते. गप्प बसायचं, कारण आवाज केला तर आतल्या मुलींना त्रास देतील. आणि चौथा, जगभर बोंब मारायची, तीस मुलींसाठी नाही तर पळवलेल्या सगळ्याच मुलांसाठी.

त्यांनी चौथा धरला. सिस्टर राकेले आणि पालक सरकारांकडे गेले, संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेले, पोप जॉन पॉल दुसरे यांनी मुलींच्या सुटकेसाठी जाहीर आवाहन केलं. आबोके हे नाव त्यामुळेच जगाला कळलं. यातली एक बाजू मला खटकते आणि ती बोलायलाच हवी. त्याआधी दहा वर्षं खेड्यातली हजारो मुलं पळवली गेली होती आणि त्यांच्यासाठी कुणी पोपपर्यंत गेलं नव्हतं, कारण त्यांचे आईबाप शेतकरी होते, इंग्रजी येत नव्हतं, मिशनची शाळा पाठीशी नव्हती. पालक संघटनेच्या हे लवकर लक्षात आलं आणि त्यांनी आपल्या तीस मुलींच्या मागणीला बाकीच्या मुलांची मागणी जोडून टाकली, गावोगावचे पालक सामील करून घेतले. हा निर्णय मला सिस्टरच्या जंगलात जाण्याइतकाच मोठा वाटतो.

तिसरा निर्णय : एका आईला आलेली ऑफर

त्या पालकांमध्ये एक नर्स होती. तिची मुलगी त्या तिसात. प्रार्थनेच्या एका बैठकीत सगळे नेहमीची प्रभूची प्रार्थना म्हणत होते आणि क्षमेच्या ओळीपाशी सगळे अडखळले, पुढचे शब्द तोंडातून निघेनात. ती नंतर जो कमांडर तिच्या मुलीला ठेवून होता त्याच्या आईला शोधत गेली, तिला भेटली, मिठी मारली, तुझ्या मुलाला मी माफ केलंय म्हणाली. गावातल्या बऱ्याच लोकांना हे पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच. पण त्याचा एक व्यवहारी परिणाम झाला, बंडखोरांच्या घरच्यांना पहिल्यांदा वाटलं की आपली पोरं परत आली तर त्यांना जिवंत राहू देतील.

मग बंडखोरांकडून निरोप आला. ही प्रसिद्धी थांबव, तुझी मुलगी सोडतो. ती म्हणाली सगळ्या मुलांना सोडा, एकटी नको. घरच्यांनी तिला खूप बोल लावले. ती बोलत राहिली, 1998 मध्ये तिला संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवाधिकार पुरस्कार मिळाला, आणि मुलगी तोवर आतच होती.

हिच्या जागी दुसऱ्या कुणी ऑफर घेतली असती तर मी त्या व्यक्तीला एक शब्द बोललो नसतो. पण त्या नकारामुळे संघटना टिकली हे मान्य करायला लागतं. तिने मुलगी घेतली असती तर दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक घर आपापली डील शोधत बसलं असतं आणि कोनीला तेच हवं होतं.

धर्मगुरू एकत्र येतात

1997-98 मध्ये अचोली भागात कॅथलिक, अँग्लिकन, मुस्लिम आणि ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी मिळून अचोली रिलिजस लीडर्स पीस इनिशिएटिव्ह सुरू केलं. कॅथलिक आणि अँग्लिकन यांच्यात तिथं राजकीय पक्षांवरून जुनं वैर होतं, त्यामुळे एका टेबलावर बसणं हीच बातमी. यातले अँग्लिकन बिशप मॅकलिऑड बेकर ओचोला यांची बायको 1997 मध्ये सुरुंगाच्या स्फोटात गेली होती. त्यानंतरही ते माफी आणि बोलणी याच बाजूने उभे राहिले, म्हणून त्यांना कुणी असं म्हणू शकत नव्हतं की तुमचं काय जातंय.

त्यांनी सगळ्यात आधी धरलेली ठोस गोष्ट म्हणजे माफीचा कायदा. जानेवारी 2000 पासून तो लागू झाला, शस्त्र टाकून परत आलात तर खटला नाही. सरकारला फारसा नको होता, तो धर्मगुरू, पालक आणि अचोली नेते मागे लागले म्हणून झाला. एलआरएचे 12 हजारांहून जास्त लोक या कायद्याखाली परत आले, यात बहुतेक लहानपणी पळवलेले. अचोली भागातल्या गुलू शहराच्या मेगा एफएम रेडिओवर द्वोग पाचो नावाचा कार्यक्रम लागायचा, 'घरी ये' अशा अर्थाचा, त्यात परत आलेली पोरं स्वतः बोलायची, मी अमुक, मी पोचलो, मला मारलं नाही, तूपण ये. जंगलात रेडिओवर ते ऐकलं जायचं. माझ्या मते बिशपांच्या सगळ्या पत्रकांपेक्षा या आवाजांनी जास्त लोक बाहेर काढले असतील, पण त्या पोरांना जिवंत राहायची हमी देणारा कायदा बिशपांमुळे आला, त्यामुळे हे दोन्ही वेगळं काढता येत नाही.

मार्च 2002 मध्ये सरकारने ऑपरेशन आयर्न फिस्ट काढलं, लष्कर दक्षिण सुदानमध्ये घुसलं. धर्मगुरूंनी आधीच सांगितलं होतं की तिकडून हाकललेत तर ते इकडे येतील, आणि तेच झालं. एलआरए परत युगांडात पसरली, विस्थापितांचा आकडा पाच लाखांच्या आसपासवरून दीड वर्षात बारा लाखांच्या वर गेला. त्याच ऑगस्टमध्ये बंडखोरांना भेटायला गेलेल्या तीन मिशनरी फादरना लष्करानेच पकडून ठेवलं. मे 2003 मध्ये एलआरएने गुलूजवळच्या लाचोर सेमिनरीतून, म्हणजे पाद्री होऊ घातलेल्या मुलांच्या शाळेतून, 41 मुलं पळवली. आबोकेनंतर साडेसहा वर्षांनी परत तेच, शाळा, रात्र, मुलं.

चौथा निर्णय : बस स्टँडवर

तोवर गावांतली मुलं दर संध्याकाळी चालत शहरात यायला लागली होती, रात्री घरात पकडलं जाऊ नये म्हणून. एकेकाळी हा आकडा 40 हजारांपर्यंत गेला. गोधडी किंवा गोणपाट डोक्यावर, लहान भावंड कडेवर, चार-पाच-आठ किलोमीटर, दुकानांच्या ओट्यावर, दवाखान्याच्या आवारात, बस स्टँडवर झोपायचं आणि सकाळी परत. पाऊस असला तरी.

जून 2003 मध्ये आर्चबिशप जॉन बाप्टिस्ट ओडामा, बिशप ओचोला, शेख मुसा खलील आणि त्यांचे सहकारी चार रात्री या मुलांबरोबर गुलूच्या बस स्टँडवर उघड्यावर झोपले. ओडामा आपलं अंथरुण घेऊन मुलांबरोबर चालत आले. यावर त्यांच्यातच चर्चा होती की हे दिखाऊ वाटेल का. पण पत्रकं काढून पाच वर्षं झाली होती, जग बघत नव्हतं. ते झोपल्यावर कॅमेरे आले. नोव्हेंबर 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे मदतकार्य प्रमुख यान एगेलँड येऊन गेले आणि जगाने विसरलेलं सगळ्यात मोठं मानवी संकट हे आहे असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. पुढच्या वर्षी धर्मगुरूंच्या संघटनेला जपानचा निवानो शांतता पुरस्कार मिळाला. आणि त्याच वर्षी, फेब्रुवारी 2004 मध्ये, लिराजवळ बार्लोन्यो कॅम्पमध्ये एका दुपारी 300 हून जास्त माणसं मारली गेली. दोन्ही एकाच वर्षी.

कॅम्पचं वेगळं सांगायला हवं, कारण युद्धाची किंमत म्हणजे गोळीने मेलेले असंच आपण धरतो. 1996 पासून सरकारने लोकांना संरक्षणाच्या नावाखाली गावं सोडून कॅम्पमध्ये राहायला लावलं, 2005 पर्यंत अचोली भागातली दहातली नऊ माणसं कॅम्पमध्ये होती. झोपड्या एकमेकींना चिकटून, पाण्यासाठी तासन्‌तास रांग, शेती बंद, धान्य ट्रकमधून येईल तेव्हा. 2005 मध्ये युगांडाचं आरोग्य खातं आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या पाहणीत निघालं की या भागात दर आठवड्याला साधारण एक हजार माणसं जास्तीची मरतायत, म्हणजे एरवी मेली नसती अशी. सगळ्यात मोठं कारण मलेरिया. त्यात पाच वर्षांखालची मुलं खूप.

पाचवा पेच : माफी की खटला

डिसेंबर 2003 मध्ये मुसेवेनींनी हे प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे दिलं. धर्मगुरू हादरले. चार वर्षं ते सांगत होते या, खटला नाही, आणि आता वरच्या लोकांवर वॉरंट निघणार. मार्च 2005 मध्ये अचोलींचं शिष्टमंडळ हेगला जाऊन बोलून आलं. त्यांची बाजू अशी की आमच्याकडे मातो ओपुत नावाची जुनी पद्धत आहे, गुन्हा कबूल करायचा, भरपाई द्यायची आणि दोन्ही घरांनी एकाच भांड्यातून कडू मुळीचा रस प्यायचा, आम्हाला आमची पोरं परत हवीत, आधी युद्ध थांबू दे. कोर्टाची बाजू अशी की एवढं करून माणूस मोकळा सुटला तर पुढचा कोनी तयार होणारच. ऑक्टोबर 2005 मध्ये कोनी आणि आणखी चौघांवरची वॉरंट जाहीर झाली.

मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं पटतं. वॉरंटमुळे सुदानला कोनीला पोसणं अवघड झालं आणि एलआरए बोलणीला आली असं म्हणायला जागा आहे. जुलै 2006 मध्ये दक्षिण सुदानमधल्या जुबा शहरात बोलणी सुरू झाली, 26 ऑगस्टला युद्धबंदीवर सह्या झाल्या, आणि उत्तर युगांडात त्यानंतर तसे हल्ले परत झाले नाहीत, ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण त्याच वॉरंटमुळे कोनी शेवटच्या करारावर सही करायला 2008 मध्ये आलाच नाही, हेही तितकंच म्हणता येतं. डिसेंबर 2008 मध्ये त्याच्या तळांवर काँगोत हवाई हल्ला झाला, तो निसटला, आणि ख्रिसमसच्या दिवसांत काँगोच्या खेड्यांत शेकडो लोक मारले गेले. धर्मगुरूंनी या हल्ल्यालाही विरोध केला होता.

शेवटी काय झालं

त्या तीस मुलींपैकी बऱ्याच जणी वेगवेगळ्या वर्षी निसटून आल्या, बहुतेकींच्या कडेवर मुलं. नर्सची मुलगी 2004 मध्ये आली, जवळजवळ आठ वर्षांनी, दोन मुलांची आई होऊन. शेवटची 2009 मध्ये काँगोतून आली. काही जणी तिकडेच मेल्या. लक्षात घ्या, तिसातली एकही मुलगी जाहीर आवाहन ऐकून कोनीने सोडलेली नाही, ज्या आल्या त्या बहुतेक लढाईच्या गोंधळात किंवा संधी साधून पळून आल्या. आवाहनांचा उपयोग झाला तो दुसरीकडे, पळून आल्यावर त्यांना तुरुंगात घालणार नाहीत, गावात मारणार नाहीत, आणि लिरा-गुलूमध्ये त्यांना ठेवून घेणारी, औषधपाणी करणारी केंद्रं असतील, एवढी व्यवस्था तोवर उभी राहिली होती. लिरातल्या अशाच एका केंद्राला सिस्टर राकेले यांचं नाव दिलं होतं.

वॉरंट असलेल्यांपैकी डॉमिनिक ओंग्वेन एकटाच कोर्टासमोर उभा राहिला, तो स्वतः शाळेच्या वाटेवर पळवलेला मुलगा होता. 2021 मध्ये त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली. कोनी अजून सापडलेला नाही, सप्टेंबर 2025 मध्ये त्याच्या गैरहजेरीत आरोपांवर सुनावणी झाली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे शाळा. धोका आहे असं दिवसा कळलं होतं तर निर्णय दिवसाच व्हायला हवा होता, सैनिक येतील या एका भरवशावर संध्याकाळपर्यंत थांबणं महागात पडलं. पण हे शाळेवर ढकलून चालणार नाही, असा इशारा आल्यावर अमुक वाजेपर्यंत संरक्षण आलं नाही तर मुलींना हलवायचं अशी आधी ठरलेली वेळ आणि जागा जिल्ह्याने लावून द्यायला हवी होती. आबोकेनंतर तरी ते व्हायला हवं होतं. लाचोरला परत तेच झालं म्हणजे कुणी शिकलं नाही.

दुसरं, बोलणी चालू असताना हेलिकॉप्टर पाठवणं. लष्कर आणि मध्यस्थ यांच्यात इतकाही निरोप जात नव्हता की आमची माणसं आत आहेत, थोडं थांबा. धर्मगुरूंनी हे सुरुवातीपासून लेखी मागायला हवं होतं, मध्यस्थ आत असताना इतके तास गोळीबार नाही, असा करार. ते भल्या मनाने तोंडी सांगत राहिले आणि 2002 मध्ये तीन फादर पकडले गेले.

तिसरं, कॅम्प. धर्मगुरूंनी अपहरण आणि बोलणी यावर जितका आवाज केला त्यामानाने कॅम्पमधल्या मलेरियावर आणि पाण्यावर उशिरा केला असं मला वाटतं. दर आठवड्याला हजार माणसं हा आकडा 2005 मध्ये निघाला, कॅम्प 1996 पासून होते. मिशनची हॉस्पिटलं तिथं होती, मृत्यूच्या नोंदी त्यांच्याकडे येत होत्या, त्या एकत्र करून दर महिन्याला जाहीर केल्या असत्या तर सरकारला कॅम्पला संरक्षण म्हणणं जड गेलं असतं.

आणि चौथं, परत आलेल्या मुलींची मुलं. त्या भागात जमीन बापाच्या कुळाकडून मिळते. ज्या मुलाचा बाप जंगलातला कमांडर, त्याला आजोळी सांभाळतील पण जमीन देणार नाहीत, मामा लोक स्पष्ट सांगतात. 2024 मध्ये हेगच्या कोर्टाने ओंग्वेनच्या खटल्यातल्या जवळपास 50 हजार पीडितांसाठी 5 कोटी 20 लाख युरोंहून जास्त भरपाईचा आदेश दिला, त्यात प्रत्येकी 750 युरो, पण त्याने या मुलांना कूळ मिळत नाही. काही स्थानिक संस्था बापाकडचे नातेवाईक शोधून त्या मुलांची ओळख करून देतात. ज्या बिशपांच्या आणि शेखांच्या शब्दावर गावाने बंडखोरांना परत घेतलं, त्यांनी कुळातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन हेच काम प्रत्येक पॅरिशमध्ये आणि मशिदीत 2006 नंतर लगेच लावून धरायला हवं होतं, आणि ती मुलं आता विशी-पंचविशीत आहेत, घर बांधायला जागा शोधतायत, म्हणजे अजूनही करता येईल.